दुर्मीळ मोटारी आणि त्यांचे हौशी

श्रोतेहो, आज आपण जगातल्या अगदी मोजक्या मोटारींविषयी बोलणार आहोत. आता तुम्ही म्हणाल, आमच्या वाट्याला एस. टी., बांधावरचा ट्रॅक्टर आणि फार तर दारातली मोटारसायकल. या अमिरी गाड्यांशी आमचे काय देणेघेणे? प्रश्न रास्त आहे. पण एखाद्या वस्तूचे मोल कशाने ठरते, ती जपायची ती कशासाठी आणि कोणाच्या जिवावर, हे प्रश्न काही अमिरांचेच नाहीत. गावच्या वाड्यातला जुना छकडा असो, देवळातला रथ असो की शाळेच्या कपाटातले पहिले हजेरीपत्रक असो, तिथेही तेच प्रश्न उभे राहतात. मोटारींच्या बाबतीत ते फक्त फार मोठ्या आकड्यांत दिसतात, इतकेच. म्हणून हा विषय.

एका आकड्यापासूनच सुरुवात करू. ५ मे २०२२ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरी, मर्सिडीज कंपनीच्या स्वतःच्या संग्रहालयात, एका मोटारीचा लिलाव झाला. गिऱ्हाइके मोजकी, निमंत्रित. मोटार १९५५ सालची, दोन माणसे बसतील एवढीच, आणि दारे अशी की पक्ष्याने पंख उचलावेत तशी वर उघडणारी. तिचे नाव ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे. बोली कितीवर थांबली असेल? तेरा कोटी पन्नास लाख युरोवर! त्या दिवसाच्या दराने आपल्या रुपयांत हजार कोटींच्या वर. तोवर कोणत्याही मोटारीला लिलावात एवढी किंमत आली नव्हती.

का बरे आली? पहिले कारण सरळ आहे. या जातीच्या मोटारी कंपनीने दोनच बांधल्या. रुडॉल्फ उलेनहाउट या कंपनीच्या नामांकित अभियंत्याच्या देखरेखीखाली त्या तयार झाल्या. ताशी २९० किलोमीटरच्या आसपास धावणारी ही मोटार तो स्वतः साध्या रस्त्यावर चालवत असे. पण दोनच का बांधल्या, याचे कारण मात्र सुखाचे नाही. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत मर्सिडीजची एक मोटार उधळली आणि तिचे जळते तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसे जागच्या जागी किंवा त्या जखमांनी गेली. त्या वर्षाच्या शेवटी कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. पुढच्या हंगामासाठी सिद्ध केलेल्या या दोन मोटारी शर्यतीत कधी उतरल्याच नाहीत. म्हणजे बघा, दुर्मीळपणाच्या मुळाशी नेहमी थाटच असतो असे नाही. कधी कधी तिथे शोकही असतो.

लिलावाचा पैसा कुठे गेला, हेही सांगायला हवे. त्यातून पर्यावरणाच्या क्षेत्रात शिकणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या तरुणांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी निधी उभारण्यात आला. दुसरी मोटार कंपनीने विकली नाही. ती संग्रहालयासाठी राखून ठेवली.

आता दुर्मीळपणा येतो कसा, ते नीट पाहू. माझ्या मते त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट, गिऱ्हाईकच न मिळणे. इटलीत जन्मलेल्या एत्तोरे बुगाटी या कारखानदाराने फ्रान्समधल्या आल्सास प्रांतात मोल्सहाइम गावी आपला कारखाना थाटला होता. १९२० नंतरच्या दशकात त्याने ठरवले, की राजेरजवाड्यांनी वापरावी अशी, जगातल्या सगळ्या मोटारींना खाली बघायला लावणारी मोटार काढायची. नाव ठेवले 'रॉयाल', म्हणजे राजेशाही. लांबी सहा मीटरांहून जास्त. इंजिन पावणेतेरा लिटरांचे. आपल्या साध्या घरगुती मोटारीचे इंजिन एक-सव्वा लिटरचे असते, यावरून अंदाज करा. आणि मोटारीच्या नाकावर, पाणी भरायच्या टोपणावर, मागच्या पायांवर उभा राहिलेला एक चिमुकला हत्ती. एत्तोरेचा भाऊ रेंब्रांट हा प्राण्यांच्या मूर्ती घडवणारा शिल्पकार होता. तो १९१६ सालीच वारला होता. त्याच्या मूर्तीवरून हा हत्ती घेतला.

बेत पंचवीस मोटारींचा होता. पण १९२९ साली जगभर मंदी आली. राजेसुद्धा हात आखडून घेऊ लागले. शेवटी मोटारी झाल्या सहा, आणि गिऱ्हाइकांनी विकत घेतल्या त्यांतल्या फक्त तीन. एक गिऱ्हाईक कापडचोपड शिवून विकणारा मोठा व्यापारी होता. आपण रात्री मोटारीतून हिंडत नाही, तेव्हा पुढचे दिवे कशाला, असे म्हणून त्याने दिव्यांशिवायच गाडी बनवून घेतली! धंदा बुडाला, पण बुगाटी डोक्याने तल्लख. तेच दांडगे इंजिन त्याने रेल्वेच्या डब्यांना बसवले, आणि ते डबे फ्रान्सच्या रुळांवर पुढे कितीतरी वर्षे धावले. आज ज्या सहा मोटारींकडे जग तोंडात बोट घालून पाहते, त्या त्या काळात फसलेल्या व्यापाराच्या खुणा होत्या.

दुसरी वाट शर्यतीच्या नियमांची. इटलीतल्या फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात '२५० जीटीओ' नावाच्या छत्तीस मोटारी बांधल्या. नावातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ 'मान्यताप्राप्त'. त्या काळचा नियम असा होता, की त्या गटात शर्यतीला उतरायचे तर त्या जातीच्या निदान शंभर मोटारी तयार असल्या पाहिजेत. फेरारीने सांगितले, ही काही नवी मोटार नव्हे. आमच्या आधीच्याच मोटारीची ही सुधारलेली आवृत्ती. अधिकाऱ्यांनी ते मानले. गरज होती तेवढ्याच बांधल्या, म्हणून त्या छत्तीसच राहिल्या. बारा सिलिंडरांचे तीन लिटरचे इंजिन, सुमारे तीनशे अश्वशक्ती, आणि अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा. मोडेना शहरातल्या स्काल्येत्ती यांच्या कारखान्यात कारागिरांनी तो हाताने ठोकून आकाराला आणला. हाताचे काम म्हटले, की दोन नग तंतोतंत सारखे नसायचेच. जाणकार माणूस पत्र्याच्या वळणावरून सांगतो, ही अमुक क्रमांकाची.

तिसरी वाट मात्र अगदी वेगळी. तीत दुर्मीळपणा घडत नाही, तो ठरवून आणला जातो. कंपनी आधीच जाहीर करते, की आम्ही अमुक इतक्याच मोटारी काढणार. प्रत्येकीवर क्रमांकाची पट्टी लावणार. त्यानंतर पैसे मोजले तरी मिळणार नाही. यालाच मर्यादित आवृत्ती म्हणतात. याच फेरारीने २००२ साली आपल्या संस्थापकाच्या नावाने 'एन्झो' ही मोटार काढली आणि ३९९ नग ठरवले. म्हणजे गिऱ्हाइकांच्या रांगेत शेवटचा एक नेहमी रिकाम्या हातानेच उभा राहिला पाहिजे, हा त्यातला हिशेब. पुढे चारशेवी मोटार बांधली, ती पोप दुसरे जॉन पॉल यांना अर्पण केली. आणि २००५ साली तिचा लिलाव करून आलेला पैसा त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या लोकांसाठी देण्यात आला.

या तिसऱ्या वाटेला मी वाईट म्हणत नाही. कारागिरी तिथेही उत्तम असू शकते. पण एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. रॉयाल किंवा जीटीओ मोजक्या राहिल्या, कारण काळाने, पैशाने, नियमाने तसे केले. मर्यादित आवृत्ती मोजकी असते, कारण विकणाऱ्याला ती मोजकी हवी असते. पहिल्या प्रकारात इतिहास आधी घडतो, किंमत मागून येते. दुसऱ्या प्रकारात किंमत आधी ठरते, आणि इतिहास घडेल अशी आशा असते. कधी तो घडतो, कधी घडत नाही. नुसती कमी संख्या म्हणजे मोल नव्हे, हे हौशी लोकांना पक्के ठाऊक असते. चुकून वाकडे झालेले मडकेही जगात एकच असते. म्हणून का कोणी त्याला हंडाभर मोहरा देतो?

मग हे हौशी लोक पाहतात तरी काय? हे समजायला आपल्याला लांब जायला नको. माणदेशातला किंवा कऱ्हाडकडचा एखादा खिल्लार बैलाचा शौकीन आठवा. तो बैलाकडे नुसता पांढरा आणि उंच म्हणून बघत नाही. शिंगांची ठेवण बघतो, खूर बघतो, चाल बघतो, आणि मग विचारतो, हा कोणाच्या दावणीचा? याचा बाप कोणता? कोणत्या शर्यतीत पळाला? अगदी तसेच मोटारीचे आहे. इंजिनाचा आवाज, पत्र्याचे वळण, चाकांच्या तारा हे सगळे तो पाहतो. पण त्याचा खरा प्रश्न असतो, ही कोणाकडून आली?

आणि इथे कागद बोलू लागतात. प्रत्येक मोटारीच्या सांगाड्यावर एक क्रमांक ठोकलेला असतो, इंजिनावर दुसरा. कारखान्याच्या जुन्या वहीत त्यांची जोडी लिहिलेली असते. ती जोडी आजही जुळली, तर मोटार अस्सल. मधल्या काळात कोणी इंजिन बदलले असेल, तर किंमत धाडकन खाली येते. पहिला मालक कोण, त्याने कोणाला विकली, कोणत्या शर्यतीत धावली, कुठे आपटली, कोणत्या मिस्त्रीने दुरुस्त केली, याचे कागद, पावत्या, छायाचित्रे लागतात. एका शब्दात सांगायचे, तर जमिनीचा जसा सातबारा आणि फेरफार, तसाच या मोटारींचाही असतो. सातबारा कोरा नसेल तर जमीन घेताना आपण दहा वेळा विचार करतो ना? हौशी माणूसही तेच करतो. किंमत कोटींत गेली की हुबेहूब नकलाही निघतात. जीटीओच्या नकलांवरून तंटा कोर्टात गेला, तेव्हा २०१९ साली इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या न्यायालयाने त्या मोटारीचा आकार ही एक कलाकृती आहे असे मानून तिला संरक्षण दिले. लोखंड, ॲल्युमिनियम आणि रबर यांच्या वस्तूला चित्राच्या आणि मूर्तीच्या पंगतीत बसवले गेले.

पण हे मोल लोकांना पहिल्यापासून कळले होते, असे समजू नका. शिक्षक बंधुभगिनींनो, पुढची हकीकत खास तुमच्यासाठी आहे. या छत्तीस जीटीओंपैकी एक मोटार अमेरिकेत टेक्सास राज्यात पोचली. शर्यतीतले तिचे दिवस संपले, नवी जलद मोटारी आल्या, आणि १९६४ च्या सुमारास मालकाने ती व्हिक्टोरिया नावाच्या गावातल्या हायस्कुलाला देऊन टाकली. कशासाठी? तर मुलांना मोटारदुरुस्ती शिकायला! काही वर्षे त्या शाळेतली मुले जगातल्या छत्तिसांपैकी एका मोटारीचे नट-बोल्ट खोलत आणि बसवत होती. १९७२ साली शाळेने ती सुमारे साडेसहा हजार डॉलरना विकून टाकली. नवी असताना अमेरिकेत तिची किंमत अठरा हजारांच्या आसपास होती, म्हणजे शाळेने काही लूट केली नाही. जुन्या गाडीला तेव्हा तोच भाव होता. पुढच्या मालकाने ती ओहायो राज्यात नेली आणि एका शेतात, ट्रेलरवर, उघड्या आभाळाखाली ठेवून दिली. सुमारे पंधरा वर्षे ऊन, पाऊस आणि बर्फ अंगावर घेत ती तिथे उभी होती. शेवटी जाणकारांनी तिला सोडवले आणि पुन्हा उभी केली. तिच्याच एका बहिणीला २०१८ साली अमेरिकेतल्या लिलावात चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलर मिळाले.

मोटार तीच, पत्रा तोच. शेतात होती तेव्हाही ती छत्तिसांतलीच एक होती. मग काय बदलले? बदलले ते लोकांचे ज्ञान. कोणीतरी क्रमांक वाचला, जुन्या वह्या चाळल्या, शर्यतीचे निकाल जुळवले. वस्तू दुर्मीळ असते ती आपोआप, पण मोलाची होते ती कोणाला तरी तिची ओळख पटल्यावर. आणि खरे सांगायचे, तर त्या शाळेतल्या मुलांनी जेवढे त्या मोटारीकडून घेतले, तेवढे लिलावात बोली लावणारा घेतो की नाही, याची मला शंकाच आहे.

आता या हौसेची दुसरी बाजू. ही बाजू सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. त्यासाठी पुन्हा आल्सास प्रांतात जाऊ. मोल्सहाइमपासून फार दूर नसलेले म्युलूझ हे गाव कापड आणि लोकर यांच्या गिरण्यांचे. तिथे हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या दोन भावांच्या लोकरीच्या सूतगिरण्या होत्या. फ्रिट्झला बुगाटी मोटारींचा नाद होता, आणि नाद म्हणजे कसा, तर खुळाचाच म्हणा ना! १९६० नंतरच्या वर्षांत त्याने जगभर पत्रे धाडून मोटारी विकत घेतल्या. अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडून त्याने एकदम तीस बुगाटी उचलल्या. आगगाडीवर चढवून त्या तिथून निघाल्या. मघाशी सांगितलेल्या सहा रॉयाल मोटारींपैकी दोन त्याच्याकडे आल्या. गावातल्या एका जुन्या गिरणीत त्याने हा सगळा खजिना ठेवला. पॅरिसमधल्या प्रसिद्ध पुलावर आहेत तसे शेकडो दिव्यांचे खांब आत उभारले. उत्तम कारागीर नेमून एकेक मोटार पूर्ववत करून घेतली. पण बाहेर ब्र काढायची बंदी. चारशेहून जास्त मोटारी, त्यांत शंभराहून अधिक बुगाटी. आणि गावाला पत्ता नाही!

इकडे लोकरीचा धंदा बसत चालला होता. १९७६ साली गिरण्यांवर संकट आले, कामगार कमी करण्याची भाषा सुरू झाली, संप झाले. दोघे भाऊ सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये बाझलला निघून गेले. मार्च १९७७ मध्ये पगारासाठी भांडणारे कामगार त्या जुन्या गिरणीचे दार उघडून आत शिरले, आणि दिव्यांच्या खांबांच्या रांगांखाली चकाकणाऱ्या मोटारी पाहून थक्क झाले. घरात चूल पेटायची भ्रांत, आणि मालकाच्या कोठारात हे! कल्पना करा, श्रोतेहो, काय वाटले असेल त्यांना. संतापाच्या भरात त्यांनी त्या साऱ्या मोटारींची मोडतोड केली असती, तर त्यांना कोणी फार दोष दिला नसता.

पण त्यांनी तसे केले नाही. त्यांनी ती जागा ताब्यात घेतली, नाव दिले 'कामगारांचा कारखाना', आणि दारे सर्वांसाठी खुली केली. दोन वर्षे लोक येत राहिले आणि गिरणी कामगार त्यांना मोटारी दाखवत राहिले. १९७८ साली फ्रान्स सरकारने हा संपूर्ण संग्रह ऐतिहासिक ठेवा म्हणून जाहीर केला, म्हणजे तो फोडून परदेशी विकायला बंदी आली. १९८१ साली एका संस्थेने तो चार कोटी चाळीस लाख फ्रँकना घेतला, आणि १९८२ साली त्याचे राष्ट्रीय मोटार संग्रहालय झाले. आज तिकीट काढून कोणीही जाऊन दोन रॉयाल पाहू शकतो.

यात खरे-खोटे कोणाचे? फ्रिट्झ श्लुम्फ नसता तर त्यातल्या कितीतरी मोटारी भंगारात गेल्या असत्या, हे मान्य केले पाहिजे. सहा रॉयालपैकी एक खरोखरच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या भंगारवाल्याकडे पडली होती. एका अभियंत्याने ओळखली म्हणून ती वाचली आणि पुढे हेन्री फोर्ड संग्रहालयात गेली. तेव्हा जपणाऱ्याची हौस ही किमतीची गोष्ट आहे. पण ज्या सुतावर ती हौस चालली, ते सूत कातणाऱ्यांचे हात रिकामे राहिले, हेही तितकेच खरे. आणि मला विशेष वाटते ते हे, की बंद दाराआडच्या त्या संग्रहाला सार्वजनिक ठेव्याचे रूप आले ते मालकामुळे नव्हे, तर उपाशीपोटी दारे उघडणाऱ्या कामगारांमुळे. हौस माणसाची स्वतःची असू शकते. तिचे बिल मात्र दुसऱ्याच्या ताटातून जाता कामा नये.

आता आपल्या मुलखाकडे वळू. कारण या जगाशी आपला संबंध अगदीच नाही असे नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे, यांना मोटारींची मोठी जाण होती. त्यांनी १९३० नंतरच्या दशकात ड्यूसेनबर्ग या अमेरिकन कंपनीची मोटार मागवली, आणि तिचे वरचे अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून करून घेतले. रंग केशरी आणि काळा. तसली दुसरी मोटार नाही. ती आज आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. संस्थाने १९४८ च्या आगेमागे विलीन झाली, १९७१ साली तनखे बंद झाले, आणि तबेल्यांतल्या कितीतरी मोटारी मिळेल त्या भावाला गेल्या. घेणाऱ्यांना त्यांची ओळख होती, विकणाऱ्यांना बहुधा नव्हती.

पण एक मोटार मात्र आपल्यातल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आहे. कोल्हापूरचा शाही दसरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक आठवत असेल. मेबॅक ही जर्मन कंपनी मुळात झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बनवणारी. १९२१ ते १९४० या काळात तिने सुमारे अठराशे मोटारी केल्या, आणि त्यांतल्या थोड्याच आज उरल्या आहेत. अशी मोटार दसऱ्याच्या दिवशी वाड्यातून निघते, गर्दीतून दसरा चौकात येते, पोरे बापाच्या खांद्यावर बसून ती पाहतात, आणि मग सोने लुटले जाते. त्या मोटारीचे कागद किती कोटींचे आहेत, याचा विचार त्या गर्दीत कोणी करत नाही. ती आपल्या दसऱ्याची मोटार आहे, एवढे सर्वांना पुरते. दुर्मीळ वस्तू अशी माणसांत हिंडती-फिरती राहिली, तर तिचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. परदेशातही सगळेच मालक मोटार कुलुपात ठेवत नाहीत. ब्रिटनमधले प्रसिद्ध ड्रमवादक निक मेसन यांनी १९७७ साली एक जीटीओ घेतली आणि वर्षानुवर्षे ती जुन्या मोटारींच्या शर्यतीत पळवली. पत्र्याला पोचा आला तर येऊ दे, असा खाक्या.

आपल्या सरकारनेही या बाबतीत नियम केले आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळी सोय केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, मोठा फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. तिच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, तेल भरणे एवढ्यापुरती ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला किंवा धंद्याला नाही.

आता एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. तुमच्या वाड्यात, गोठ्यामागे, ऊस कारखान्याच्या जुन्या शेडमध्ये एखादी जुनी जीप, जुना ट्रॅक्टर, एखादी बंद पडलेली मोटारसायकल असेल. ती कोट्यवधींची आहे असे मी मुळीच म्हणत नाही. बहुतेक वेळा ती नसतेच. पण भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी तीन गोष्टी करा. पहिली, सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कागदावर उतरवून घ्या. दुसरी, नोंदणीचे पुस्तक, पावत्या, जुने फोटो एका पिशवीत घालून उंदरांपासून जपून ठेवा; गाडीपेक्षा कागद लवकर नाहीसे होतात. तिसरी, घाईने रंग देऊ नका. जुना रंग घासून चकचकीत केला, की तिच्या वयाची साक्षच पुसली जाते.

आणि गुरुजींना एक विनंती. मुलांना एक उपक्रम द्या. गावातल्या सर्वांत जुन्या यंत्राची हकीकत प्रत्येकाने लिहून आणायची. पहिले पाण्याचे इंजिन कोणी आणले? पिठाची गिरणी कोणत्या साली सुरू झाली? पहिला ट्रॅक्टर कोणाचा? तो दुरुस्त करणारा मिस्त्री कोण, आणि त्याने हे शिकले कुठे? म्हातारी माणसे अजून आहेत तोवर विचारून घ्या. टेक्सासमधल्या त्या हायस्कुलात जीटीओ आली होती, पण तिची हकीकत मुलांना सांगणारे कोणी होते की नाही, कोण जाणे. आपल्या शाळेत जीटीओ येणार नाही, पण हकीकत सांगणारे मात्र आपल्या गल्लीगल्लीत बसलेले आहेत.

जगात छत्तीस, सहा किंवा दोनच उरलेल्या वस्तूंना लोक एवढे का जपतात, याचे उत्तर शेवटी पैशात सापडत नाही. एका माणसाने हातोडीने पत्र्याला वळण दिले, दुसऱ्याने ते वळण ओळखले, तिसऱ्याने ते लिहून ठेवले, म्हणून ती वस्तू आपल्यापर्यंत आली. या तिघांतले कोणतेही काम आपल्याला जमण्यासारखे आहे. पहिले जमले नाही तर दुसरे, दुसरे जमले नाही तर तिसरे. वही आणि पेन्सिल तर प्रत्येक शाळेत आहेच.